कोणाचा आखाडा

राजनंदिनीला चोर ठरवणारा निरोप आला तेव्हा ती सुमनबाईंच्या आखाड्यावर बाजेवर बसून रक्तवाढीच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते तिसऱ्यांदा सांगत होती. अंगणभर शिजवलेली हळद वाळत पडली होती. फोन वाजला म्हणून तिनं सहज बघितलं, आणि गोळ्यांचं पाकीट हातातच राहिलं.

निरोप पुण्याच्या नीलांबरी नावाच्या बाईंचा होता. फोनवरच्या सगळ्यांच्या नकाशात कोण काय भरतं, खरं भरतं की उचलून आणतं, हे तपासायचं काम त्या करत. पगार नाही, काही नाही, सगळा हौसेचा मामला. त्यांनी लिहिलं होतं : 'आपण पाच गावांच्या शिवारात भरलेली तीनशे बारा ठिकाणं विश्वजीत सरांच्या आखाडा नकाशाशी शब्दशः जुळतात. त्यांचा नकाशा सव्वीस जानेवारीला प्रसिद्ध झाला, आपल्या नोंदी गुढीपाडव्याच्या आहेत. दुसऱ्याच्या नकाशातून उतरवून घेणं आपल्या नियमात बसत नाही. शनिवारी समोरासमोर बोलू. खुलासा पटला नाही तर सगळ्या नोंदी काढून टाकाव्या लागतील आणि आपलं खातं बंद होईल. तक्रारदार : विश्वजीत.'

तक्रारदार! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कोणत्या वाटेनं जाते ते राजनंदिनीला त्या एका शब्दानं कळलं. चोराच्या उलट्या बोंबा तिनं ऐकल्या होत्या, पण चोरानं मालकिणीवरच फिर्याद करावी, आणि तीही इतक्या शुद्ध भाषेत?

"काय झालं गं?" सुमनबाईंनी विचारलं. "तोंड काहून असं लाल झालं तुझं?"

"काही न्हाई मामी. चोर झाले मी."

"काय चोरलंस?"

"तुमचा आखाडा," राजनंदिनी म्हणाली, आणि रागानं तिचा आवाज फाटला.

आता आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. या भागात शेतातल्या बिऱ्हाडाला आखाडा म्हणतात. दोन खोल्या, गोठा, पाण्याची टाकी, दारात एखादं लिंबाचं झाड. गावातलं घर नावाला, खरा संसार आखाड्यावर. जवळा बाजारपासून आत शिरलात की हट्ट्याच्या अंगाला असे आखाडे शिवारभर विखुरलेत. ना त्यांना घरनंबर, ना गल्ली. ज्याला माहीत त्याला माहीत, आणि ज्याला माहीत नाही तो पांदणीत गाडी अडकवून बसणार.

राजनंदिनी गावची आशाताई. तीही नवरा भागवत आणि सासू-सासऱ्यांसोबत आखाड्यावरच राहायची. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात शेजारच्या शिवारात जिवनबाईंना पान लागलं, म्हणजे साप चावला. घरचे पुरुष जवळ्याच्या बाजाराला गेलेले. आखाड्यावर एकटी सून, सपना, लग्न होऊन चार महिने झालेली. तिनं आरोग्य केंद्राच्या गाडीला फोन लावला. गाडीवर मुन्ना होता. सज्जन माणूस, गाडीही लगेच काढली त्यानं.

"कोणाचा आखाडा, ताई?"

"आमचा."

"आमचा म्हंजे कोणाचा?"

"आमचाच की दादा! लवकर या हो!"

सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं घ्यायचं नाही, ही शिकवण त्या पोरीच्या हाडात इतकी मुरलेली की सासूच्या तोंडाला फेस आला तरी तिच्या तोंडून नाव आलं नाही. मुन्नानं अठरा आखाडे धुंडाळले. पाऊण तासानं पोचला तेव्हा जिवनबाई गेलेल्या होत्या.

दहाव्याच्या दिवशी राजनंदिनी सपनाला सगळ्या बायांसमोर बोलली. "नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती काय तुझी?" सपना पदराचं टोक दातात धरून रडत राहिली. नंतर राजनंदिनीला वाटलं, आपण बोलून काय मिळवलं? उद्या दुसऱ्या कोणा बाईवर तीच वेळ येईल आणि तीही तेच करेल. बायांची जीभ बदलायला शंभर वर्षं लागतील. नकाशा बदलायला तेवढी कशाला लागायला पाहिजेत?

म्हणून ती निघाली. सगळ्यांच्या मालकीचा आणि कोणीही भरावा असा तो नकाशा तिनं फोनवर घेतला. रेंज नसली तरी चालतो, म्हणून मुन्नाच्या फोनवरही तोच होता. अट एकच, स्वतः फिरायचं, स्वतः विचारायचं, दुसऱ्याचं उचलायचं नाही. आधी स्वतःचं गाव, मग शेजारची चार. लसीकरण, बाळंतिणी, गोळ्या, सगळं करून वर हे. प्रत्येक आखाड्यावर ती घरच्या बाईला एकच प्रश्न विचारायची : "घरी कोणी नसताना तुमाला गाडी बोलवायची झाली, तर फोनवर आखाड्याचं नाव काय सांगसाल?" बाई जे सांगेल तेच जसंच्या तसं लिहायची. सातबाऱ्यावर कोण आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

सुमनबाईंनी सांगितलं होतं, "साधनाच्या बापाचा आखाडा." साधना त्यांची थोरली लेक, वसमतला दिलेली. तातेराव हे नवऱ्याचं नाव सुमनबाईंच्या तोंडून त्रेचाळीस वर्षांत निघालं नव्हतं. कोणी 'मुन्नीच्या आजाचा' सांगितलं, कोणी 'थोरल्या जावेचा', कोणी 'दोन बैलं मेल्याला आखाडा'. तीनशे बारा झाले. पायताणाचे चार जोड झिजले.

आणि हे सगळं विश्वजीतनं एका केबलीनं नेलं.

विश्वजीत म्हणजे हिंगोलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा, 'नकाशामित्र' नावाच्या वीस जणांच्या ग्रुपचा म्होरक्या. गोड बोलणारा, शर्टाला सदा कडक इस्त्री. दिवाळीत त्यानं सगळ्यांना बोलावलं होतं. "नवीन माणसाच्या हातून चुका होतात ताई. तुमची फाइल आधी मी तपासतो, मग नकाशावर चढवू." तिच्या फोनला केबल लावून त्यानं फाइल घेतली. दोन मिनिटांचं काम. तिला वाटलं, शिकलेला माणूस आहे, आपल्या चुका काढील. मग जानेवारीत पेपरात फोटो आला, विश्वजीत हार घालून उभा, मागं मोठा नकाशा. फोटोत अक्षर लागत नव्हतं. तिनं फोन करून विचारलं तर म्हणाला, "तो दुसऱ्या तालुक्यांचा आहे ताई, तुमच्या गावांचं अजून तपासून राहिलो." आणि हिनं विश्वास ठेवला! वर अभिनंदनही केलं! ते अभिनंदन आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

पाडव्यापर्यंत वाट बघून तिनं स्वतःच सगळं नकाशावर चढवलं. मुन्नानं दुसऱ्याच आठवड्यात फोन केला होता. "ताई, कमालच केली. काल एका बाईनं 'थोरल्या जावेचा आखाडा' सांगितलं. म्या नाव टाकलं अन् सीधा दारात." तिला त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं. ते सगळं आता शनिवारी पुसणार. विश्वजीतचा नकाशा भिंतीवर टांगायचा, चार कचेऱ्यांत काचेच्या फ्रेमीत लटकलेला. त्यात मुन्ना काय शोधणार, कपाळ?

तेवढ्यात तातेराव आले. हळदीच्या कढईवरून आल्यानं हात कोपरापर्यंत पिवळे. राजनंदिनीनं त्यांना निरोप वाचून दाखवला आणि निरोपासोबत आलेला विश्वजीतच्या नकाशाचा फोटो मोठा करून दाखवला.

"हे काय लिवलंय? साधनाच्या बापाचा?" तातेराव डोळे बारीक करून म्हणाले. "ह्या नावानं मला कोण वळखते? गावात कोणालाबी विचार, तातेरावचा आखाडा म्हंतेत. न्हाई तर खालचा आखाडा."

"मग साधनाच्या बापाचा कोण म्हंतं मामा?"

तातेरावांनी मानेनंच चुलीकडं खूण केली. सुमनबाई तिथं पाठमोऱ्या बसून हसत होत्या.

राजनंदिनी उठून उभी राहिली. बरोबर! पुरुष कोणी असं नाव सांगणारच नाही. विश्वजीत पेपरात म्हणाला होता, मी मोटारसायकलवर फिरून मालकांना विचारलं. मग मालकानं स्वतःच्या आखाड्याला लेकीच्या बापाचा म्हटलं काय?

"मामा, शनिवारी हिंगोलीला येसाल काय? मामी, तुमीबी."

"हळद कोण बघंल?" तातेराव म्हणाले.

"हळद काय पळून चालली?" सुमनबाई म्हणाल्या. "पोरीवर आळ आलाय. येतो आमी."

शनिवारी अकरा वाजता तिघंही विश्वजीतच्या क्लासमध्ये पोचली. त्याचीच फिर्याद, त्याच्याच जागेत चौकशी, म्हणजे न्याय कसा व्हायचा ते उंबऱ्यातच कळलं. ग्रुपचे पंधरा-सोळा जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. एका भिंतीवर विश्वजीतचा नकाशा फ्रेमीत टांगलेला, खाली ठळक अक्षरात 'सर्वेक्षण व संकलन : विश्वजीत'. दुसऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरनं पाडलेला नीलांबरींचा चेहरा. चष्मा, आखूड केस, पुण्यातली कुठलीशी गॅलरी मागं.

विश्वजीतनं चहा मागवला. तातेरावांना खुर्ची दिली, सुमनबाईंना वाकून नमस्कार केला. कोणाला वाटावं, लग्नाची बैठक आहे.

राजनंदिनीनं वही काढली. "ही माझी वही आहे, मॅडम. तीन वर्षांची. तारखा आहेत."

"ताई, रागवू नका," विश्वजीत हळूच म्हणाला, "पण वही तर कालही लिहिता येते."

दोघं-तिघं हसले. राजनंदिनीची कानशिलं तापली.

"बरं. मग हे सांगा सर. तुमी मालकांना विचारून नावं लिहिली म्हंता. हे बसलेत मालक. मामा, तुमी सरांना काय सांगितलं होतं?"

"म्या यांना आज पैल्यांदा बघून राहिलो," तातेराव म्हणाले. "अन् मी मेलो तरी माझ्या आखाड्याला पोरीच्या बापाचा म्हणणार न्हाई. मला काय नाव न्हाई?"

आता सगळेच हसले. राजनंदिनीला वाटलं, लागला बाण. पण विश्वजीत कसलेला गडी. त्याच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"अगदी बरोबर बोलले बाबा," तो म्हणाला. "मालक असं सांगतच नाहीत. दुपारी आखाड्यावर कोण असतं? बायकाच. मीही बायकांनाच विचारलं. मालकांना विचारलं असं मी सरसकट म्हणालो, ती बोलण्यातली चूक."

"माझ्याकडं कवा आलतास रे?" सुमनबाईंनी विचारलं.

"मावशी, तीनशे आखाडे फिरलो. एकेक कुठं आठवणार?"

नीलांबरींनी चष्मा वर सरकवला. "राजनंदिनीताई, तुमचा मुद्दा मला कळला. पण बायकांना कोणीही विचारू शकतं. तारखा त्यांच्या बाजूनं आहेत. आणखी काही असेल तर सांगा, नाहीतर मला नियमानं जावं लागेल."

आणखी काय असणार? तीन वर्षं उन्हातान्हात फिरलेल्या पायांचा काय पुरावा द्यायचा, टाचेच्या भेगा दाखवायच्या? राजनंदिनीला शिव्या येत होत्या, चांगल्या ठसठशीत, बापाकडच्या गावातल्या. त्या तिनं गिळल्या. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी विश्वजीतला दिसलं, याचा राग पाण्याहून जास्त आला.

विश्वजीतला मात्र आता जोर चढला होता. जिंकत आलेल्या माणसाला थांबता येत नाही. "मॅडम, काम किती बारकाईनं केलंय ते एकदा दाखवतो," म्हणून त्यानं नीलांबरींचा चेहरा भिंतीच्या कोपऱ्यात सारला आणि आपला नकाशा भिंतीभर पसरला. माउस फिरवत तो एकेका शिवारात शिरू लागला. ओढा, पांदण, आखाडे. मग राजनंदिनीच्या गावाकडं आला, आणि ते गाव मुद्दाम मोठं केलं. "हे बघा, ताईंचंच शिवार. एकही आखाडा सुटलेला नाही."

भिंतीवर, ओढ्याच्या वळणावर, हातभर अक्षरात लिहिलेलं होतं : आमचा आखाडा.

राजनंदिनी बघतच राहिली. तिला क्षणभर कळेना, हे इथं कुठून आलं. मग आठवलं. पहिला दिवस. फोन नवा, नकाशा नवा, नोंद कशी करायची ते बघायला म्हणून ती आपल्याच अंगणात, लिंबाखाली उभी होती. नाव काय टाकू, असं झालं, आणि बोटांनी आपोआप टाकलं. सासऱ्याचं नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता, ते मनातही आलं नाही. नंतर तीनशे अकरा आखाड्यांची नावं तिनं विचारून घेतली, आणि हे एक तसंच राहून गेलं. सपनाला भरल्या बायांत बोलणारी ती, आणि तिच्या बोटांनी तेच केलं होतं!

लाजेनं ती एकदा खाली बघती झाली. मग तिच्या लक्षात आलं की लाजायला हवं ते विश्वजीतनं.

ती उठली. भिंतीजवळ गेली आणि त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"सर, हा आखाडा कोणाचा?"

विश्वजीतनं वाचलं. "आमचा आखाडा."

"कोणाचा?"

"आमचा... म्हणजे, तसं नाव आहे."

"आमचा म्हंजे कोणाचा? तुमचा? तुमची जमीन हाय काय आमच्या शिवारात?"

कोपऱ्यातल्या नीलांबरी पुढं वाकल्या.

"नाही, म्हणजे त्या घरच्या बाईनं असं सांगितलं असेल," विश्वजीत म्हणाला. त्याच्या आवाजातला गूळ पहिल्यांदा संपला होता. "मी त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या आमचा आखाडा, मी लिहिलं."

"त्या घरची बाई मी हाय," राजनंदिनी म्हणाली. "ओढ्याच्या वळणावर, लिंबाखाली. दुसरी बाई म्हंजे माझी सासू, ती दोन वर्षांपासून कानानं ठार बहिरी हाय, तिला कोणी काही विचारत न्हाई. मला तुमी कवा विचारलं, सर? कोणत्या दिवशी? मी काय नेसले होते? तुमाला पाणी दिलं का न्हाई?"

विश्वजीत भिंतीवरची ती अक्षरं पुन्हा वाचू लागला.

"तीनशे बारा नावं उचलली अन् एकबी वाचलं न्हाई! वाचलं असतं तर हे खोडलं असतं. चोरी करायची तर निदान नीट तरी करायची. मी चुकले ते चुकले, पण माझी चूकबी तुमी स्वतःच्या नावावर छापली. चार कचेऱ्यांत लावली, हार घातले. अन् वरून मलाच चोर म्हंता?" तिचा आवाज खालच्या पानटपरीपर्यंत जात असावा, कारण दारात दोन अनोळखी माणसं येऊन उभी राहिली होती. "मी दिवाळीत तुमच्या हातात फोन दिला, सर म्हणून. सर!"

नीलांबरी शांतपणे म्हणाल्या, "विश्वजीत, याला उत्तर आहे तुमच्याकडं?"

"मॅडम, ग्रुपचं काम आहे. ग्रुपमध्ये फाइली इकडच्या तिकडं होतात," विश्वजीत म्हणाला. मग राजनंदिनीकडं वळून, मोठेपणानं, "ठीक आहे ताई, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर पुढच्या छपाईत तुमचंही नाव टाकू. 'सहकार्य' म्हणून खाली."

खाली! सहकार्य! राजनंदिनीचा हात खरोखरच वर गेला होता. पण तो खाली यायच्या आधी सुमनबाई खुर्चीतून उठल्या. पदर सारखा केला आणि चार पावलं पुढं येऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तो त्यांच्याहून हातभर उंच होता, पण मागं सरकला.

"म्या यांचं नाव त्रेचाळीस वर्सं घेतलं न्हाई," तातेरावांकडं हात करून त्या म्हणाल्या, "ते मान म्हणून. तू ह्या पोरीचं काहून घेतलं न्हाईस? सांग की. मान देऊन राहिलता काय तिला?"

विश्वजीतनं उगाचच माउस हलवला आणि भिंतीवरचा नकाशा थरथरला.

नीलांबरींनी निकाल दिला. राजनंदिनीच्या नोंदी राहतील. विश्वजीतची तक्रार फेटाळली, त्याचा छापील नकाशा कोणाच्या कामातून उचलला आहे ते जाहीर होईल, आणि पुढचं ठरेपर्यंत त्याचं खातं बंद. "राजनंदिनीताई, तुमची माफी मागते," त्या म्हणाल्या. "मी तारखा बघितल्या, नावं वाचली नाहीत. वाचायला हवी होती. आता फक्त एक गोष्ट. हे 'आमचा आखाडा' मात्र तसं ठेवता येणार नाही. शोधणाऱ्याला कळणार नाही. नेमकं नाव सांगा, मी आत्ताच बदलते."

राजनंदिनीनं तोंड उघडलं.

आता भांडण संपलं होतं, समोर कोणी शत्रू नव्हता, आणि विचारलेलं होतं साधं नाव. सासऱ्याचं सांगायचं, नाहीतर भागवतचं. तिनं घसा साफ केला. जीभ टाळूला चिकटून बसली. बारावी शिकलेली, दोनशे बाळंतपणं पाहिलेली, आत्ताच एका माणसाचं भरसभेत वस्त्रहरण केलेली बाई, आणि तिला एक नाव घेता येईना. सगळे वाट बघत होते. तिला सपना दिसली, पदराचं टोक दातात धरलेली. नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती काय तुझी? इतका राग तिला दिवसभरात विश्वजीतचाही आला नव्हता, जितका त्या घटकेला स्वतःचा आला.

"बघा," विश्वजीत खुर्चीतून पुटपुटला, "स्वतःच्या आखाड्याचं नाव सांगता येत नाही, आणि निघाल्या नकाशे करायला."

"बाई, लिही तू," सुमनबाई भिंतीकडं तोंड करून, नीलांबरी त्या भिंतीतच बसल्यात अशा मोठ्या आवाजात म्हणाल्या. "राजनंदिनीचा आखाडा."

राजनंदिनी चमकली. "मामी, असं कसं? तसं कोण म्हंतं?"

"कोण म्हंतं म्हंजे? सगळ्या जणी म्हंतो. लेकराला ताप आला, कोणाला कळा सुरू झाल्या, तर काय म्हंतो आमी? जा, राजनंदिनीच्या आखाड्यावर जा. तुझ्या सासऱ्याचं नाव कोणाला ठाऊक हाय पलीकडच्या शिवारात?"

"व्हय," तातेराव म्हणाले. "बराबर हाय. मी बी तेच म्हंतो."

"मग तेच नाव," नीलांबरी म्हणाल्या. "लोक म्हणतात तेच लिहायचं, हा नियमच आहे." टकटक असा आवाज आला. मग त्यांनी स्वतःची स्क्रीन दाखवली, भिंतीवरचा विश्वजीतचा नकाशा गेला आणि सगळ्यांचा नकाशा आला. ओढ्याच्या वळणावर तिचं नाव होतं.

कोणी तरी टाळी वाजवली. राजनंदिनीला ती ऐकू आली नाही. ती समोरच्या भिंतीपाशी गेली, खुर्ची ओढली, वर चढली आणि काचेची फ्रेम खिळ्यावरून उतरवली. विश्वजीत "अहो, अहो" करत उठला, पण तातेराव मध्ये उभे होते, कोपरापर्यंत पिवळे हात छातीशी बांधून.

"ही मी नेते," ती म्हणाली. "कचेऱ्यांतल्या चार तुमी उतरवायच्या. सोमवारी मी बघायला येणार, एकेका कचेरीत."

राजनंदिनी जिना उतरून रस्त्यावर आली. फ्रेम काखेत, वही पिशवीत. जवळ्याची जीप भरायला वेळ होता. तिघं रसवंतीच्या सावलीत उभी राहिली आणि मग तिला रडू कोसळलं, सगळ्यांदेखत, भर रस्त्यात.

"आता काहून रडून राहिली?" सुमनबाई म्हणाल्या. "जिंकलीस की."

"मला कवा सांगितलं न्हाई तुमी, मामी. तीन वर्सं. तुमी सगळ्या माझ्या नावानं म्हंता, अन् मलाच ठाऊक न्हाई."

"तू सगळ्यांना त्यांचं विचारत फिरलीस. तुझं कवा विचारलंस?"

राजनंदिनीनं डोळे पुसले. जीपवाल्यानं हॉर्न दिला. जीपमध्ये बसल्यावर फ्रेम तिनं मांडीवर घेतली आणि काचेतून खालची ठळक अक्षरं एकदा वाचली. जवळ्याला उतरल्यावर मात्र आपल्या आखाड्याची वाट न धरता ती शेजारच्या शिवाराकडं निघाली.

"इकडं कुठं?" तातेरावांनी विचारलं.

"सपनाकडं," ती म्हणाली. "तिची माफी मागायची राहिली."